मालकाच्या वरचा मालक

तामिळनाडूतील दिंडीगल जिल्ह्यात परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यातली 20 वर्षांची एक दलित तरुणी जानेवारी 2021 मध्ये मारली गेली. आरोप कारखान्यातल्याच सुपरवायझरवर आला. तो कित्येक महिने तिचा छळ करीत होता, असे घरच्यांनी व सोबतिणींनी सांगितले.

मग कायदा कुठे होता? कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ रोखणारा कायदा 2013 चा आहे. अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष महिला हवी, सारे त्यात लिहिलेले आहे. पण समिती नेमतो मालक! दिवसाचे टार्गेट, रजा आणि उद्याचे काम ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध दाद मागायची ती त्याच्याच मालकाच्या समितीकडे. आम्ही वकील मंडळी अशा समित्यांचे कागद पाहतो. ते बहुधा नीटनेटके असतात.

शिवाय मालकाच्याही वर एक मालक आहे. शर्टाचा भाव तो ठरवतो, माल पोचवायची तारीख तोच ठरवतो. त्या तारखेचा जाच शेवटी शिलाई मशीनवर बसलेल्या बाईवर येतो. कायद्याच्या लेखी मात्र हा ब्रँड नुसता गिऱ्हाईक!

दलित महिलांच्या नेतृत्वाखालील 'तामिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन'ने नेमके इथेच बोट ठेवले. एप्रिल 2022 मध्ये ईस्टमन एक्स्पोर्ट्स या कंपनीशी करार झाला आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच या ब्रँडांनाही त्यात बांधून घेतले गेले. कंपनीने करार मोडला तर तिच्या धंद्यावर परिणाम होईल अशी कारवाई ब्रँडांनी करायची. बांगलादेशात 2013 साली राणा प्लाझा कोसळून 1,100 हून अधिक कामगार मेले, त्यानंतर इमारतींच्या सुरक्षेसाठी ब्रँडांना असेच बांधले गेले होते. दिंडीगलच्या बायकांनी त्यात छळ आणि जात हे दोन शब्द आणले. लाइनवरच्याच कामगार स्त्रियांना प्रशिक्षण देऊन देखरेखीला उभे केले. पहिल्या वर्षी 185 तक्रारी आल्या, 182 निकाली निघाल्या. तक्रारी वाढल्या म्हणून नाके मुरडणाऱ्यांना आम्ही विचारतो, त्याआधी त्या कुठे दडल्या होत्या?

करारात जातिभेदाचा उल्लेख आहे, याचे मोल आम्हांला अधिक वाटते. मुंबईच्या गिरण्यांत धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्यांना विणकाम खाते बंद होते. 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा कामगार एकजुटीच्या गप्पा मारणारे पुढारी अडचणीत आले. आज शिलाई खाते दलित बाईला खुले आहे. पण तिच्या पाठीशी उभा राहून ओरडणारा सुपरवायझर कोण, हे विचारायला तिथल्या बायकांना 2022 साल उजाडावे लागले.

भिवंडीत, सोलापुरात आपल्याही बाया कपडे शिवतात. त्यांचा माल कोणत्या नावाने विकला जातो, याची यादी आधी आपल्या कामगार संघटनांनी करावी. नोटीस कुणाच्या नावे काढायची, हे त्यावरून ठरेल.