बीपी, पाइप आणि आपली मेस

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला पॉइझ्युलीचं समीकरण आपण सगळेच पाठ करून जातो. पण हा पॉइझ्युली पेशाने डॉक्टर होता, हे वर्गात कोणी सांगत नाही. रक्तदाब मोजायला त्याने १८२८ मध्ये पाऱ्याचा मॅनोमीटर वापरला. बारीक नळ्यांवरचे त्याचे प्रयोगही शरीरातला रक्तप्रवाह समजावा म्हणूनच होते.

त्या समीकरणात त्रिज्येचा चौथा घात आहे. त्रिज्या २० टक्के घटली की तेवढ्याच दाबाला प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो (कॅल्क्युलेटर काढून बघा!). रक्त न्यूटोनियन नाही आणि धमनी म्हणजे जी.आय. पाइप नाही, असं व्हायव्हाला सर म्हणतीलच. म्हणू देत. मुद्दा बदलत नाही.

दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की शरीरातल्या अगदी बारीक धमन्यांची भिंत जाड होते. बॉयलरसाठी आपण करतो तोच हिशेब शरीर करतं, पण जाडी आतल्या बाजूला सरकते आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेमुळे दाब आणखी वाढतो, म्हणजे चक्क पॉझिटिव्ह फीडबॅक! सगळा भार येतो दिवसाला सुमारे एक लाख ठोके देणाऱ्या हृदयावर. त्याचाही स्नायू जाड होतो, त्याला रक्त जास्त लागतं, आणि ते पोचवणाऱ्या बारीक धमन्या तर आधीच आकसलेल्या. मोठ्या धमनीत ब्लॉक नसतानाही छातीत दुखू शकतं, ते यामुळेही.

आणि बहुतेकदा हे सगळं चालू असताना काही म्हणजे काही जाणवत नाही. ‘बीपी म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. वेळेवर औषध सुरू झालं तर हृदयाची वाढलेली जाडी कमी होऊ शकते. पण त्यासाठी आधी कळायला तर हवं!

लॅबमधल्या कॉम्प्रेसरला प्रेशर गेज आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. मग मेसमधले मामा, लॅब असिस्टंट, रेक्टर सर आणि आपण, यांचा दाब कोण मोजणार? माझं स्पष्ट मत आहे, की हॉस्टेलच्या ऑफिसात बीपीचं मशीन हवंच. गॅदरिंगच्या एखाद-दुसऱ्या फ्लेक्सच्या पैशात ते येईल.

दुसरी मागणी मेस कमिटीकडे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे जेमतेम एक चमचा. आपल्याकडे आमटी, लोणचं, पापड आणि वर रात्री दोनची मॅगी! आमटीत मीठ बेताचं घाला, ज्याला लागेल तो वरून घेईल. पापड एक दिवसाआड केलात तरी चालेल. (रविवारचा मात्र बंद करू नका.)