राक्षसाची कातडी

गणेशोत्सव संपला की मंडपाचे बांबू उतरतात, वर्गणीचा हिशेब लागतो आणि देखाव्यातला राक्षस कुठल्या तरी गोदामात तोंड खाली करून पडतो. त्याची आठवण कोणी ठेवीत नाही. गेल्या वर्षीचा राक्षस मात्र मला विसरता आलेला नाही, कारण तो मीच केला होता आणि तो खोटा होता.

राक्षस मुळातच काल्पनिक, मग त्यात खरे-खोटे कसले? आमच्या एका सरांनी मला हेच विचारले. त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या हडपसरच्या मंडळाने महिषासुरवधाचा देखावा ठरविला होता. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट आणि खळीत भिजवलेली वर्तमानपत्रे असा नऊ फुटांचा देह उभा राहिला. कातडीसाठी पुठ्ठ्याचे गोल खवले कापून दोन रात्री जागून अंगभर एकसारखे चिकटवले आणि वरून काळा ऑइलपेंट मारला. सगळ्यांनी पाठ थोपटली. माझी आजी पाहायला आली. तिचा जन्म म्हशी सांभाळण्यात गेलेला. ती म्हणाली, "आरं, ह्यो कधी बसला-उठला न्हाई का? कोपराला एक घडी न्हाई, मानंला एक वळी न्हाई."

आजीने एका वाक्यात माझी दोन रात्रींची मेहनत निकालात काढली. पण ती चुकली नव्हती. कातडी ही अंगावर चढवलेली नक्षी नव्हे. जिथे सांधा वाकतो तिथे ती दुमडते आणि वळ्या वाकण्याच्या दिशेला आडव्या पडतात. कपाळावर, गुडघ्यावर हाडामुळे ती ताणलेली असते. काखेत, गळ्याखाली सैल लोंबते. मगरीच्या पाठीवरची ढाल मोठी आणि टणक असते, तर मानेच्या बाजूंना आणि पायांच्या सांध्यांशी खवले बारीक होत जातात. सगळीकडे एकाच मापाचे खवले असते, तर त्या जनावराला हलणेच कठीण झाले असते. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात अर्धा तास उभे राहिले तरी हे दिसते. मी तिथे देखावा झाल्यावर गेलो.

आपल्या गणपतीची सोंड आपण गुळगुळीत करतो. मूर्ती पूजेची असल्याने तिथे ते योग्यच आहे. पण खऱ्या हत्तीच्या कातडीतील भेगांना कारण असते. आफ्रिकी हत्तीच्या कातडीवरील बारीक भेगांचे जाळे सपाट कातडीपेक्षा पाच ते दहा पट अधिक पाणी धरून ठेवते, असे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले. हत्तीला आपल्यासारखा घाम येत नाही. चिखल आणि पाणी अंगावर धरूनच तो उन्हाशी सामना करतो. म्हणजे त्या भेगांत त्याचे सारे जगणे आहे. आपल्या राक्षसाचे जगणे काय, तो कुठे झोपतो, कशाला अंग घासतो, कुठे जखमी झाला होता, हे आपण कधी मनाशी तरी ठरवितो का?

सरांना माझे उत्तर हेच. कल्पनेने राक्षसाला दहा हात खुशाल द्यावेत, पण प्रत्येक हाताचे कोपर वाकले पाहिजे.

यासाठी खर्च फारसा लागत नाही. ओल्या मातीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून वरून काडीने रेघ ओढली की सुरकुतीच्या कडा मऊ होतात. खळीत भिजवलेला पातळ कागद चुरगाळून बसविला की वळ्या आपोआप पडतात. सीताफळाच्या सालीचा ठसा पाठीला चालतो. रंग देताना आधी खाचांत गडद रंग भरून वरचा पुसून घ्यावा आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग फिरवावा. चकाकी फक्त डोळे, ओठ आणि नाकपुड्यांना द्यावी.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला अधिक जड जाते. राक्षसाला काळा रंग देत होतो तेव्हा मंडईत हमाली करणारा आमचा एक मित्र डबा धरून उभा होता. कोणीतरी म्हणाले, "रंग कशाला वाया घालवता? ह्यालाच उभा करा." सगळे हसले. तोही हसला आणि मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून तो मंडपात आला नाही.

तो काळा रंग मी का निवडला होता? विचार करायचा कंटाळा, एवढेच खरे कारण. कातडी नीट पाहिली नाही, म्हणून भीती रंगावर सोपवली. आणि तो रंग आपल्यातल्याच निम्म्या माणसांचा, उन्हात राबणाऱ्यांचा.

सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकर यांच्या संग्रहालयात एक म्हैस आहे. हे करमरकर म्हणजे पुण्यातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे कर्ते. लहानपणी घरी गणपतीच्या मूर्ती होताना पाहत ते वाढले. ती म्हैसही काळीच आहे, पण तिच्याकडे पाहून भीती वाटत नाही, किळसही येत नाही. जिवंत प्राण्यासमोर उभे आहोत असे वाटते. काळेपणात दोष नव्हता, दोष माझ्या नजरेत होता.

आपल्या पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांच्या गणपतीची मूर्ती राक्षसाचा वध करणारी आहे. १८९२ पासूनची ही परंपरा आहे. राक्षस घडविणे हे या शहरात पोरखेळ कधीच नव्हते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या मंडळात आहेत. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, म्हणून आता भाड्याने तयार पुतळे आणण्याकडे कल वाढू नये. माती आणि कागद हाती घ्या. पण त्याआधी एखाद्या पहाटे वही घेऊन गोठ्यात जा आणि म्हैस कशी बसते, ते पाहा.

मला मात्र आधी मंडईत जायचे आहे. मी हसलो होतो, हे त्याला सांगायचे आहे. तो पुन्हा मंडपात येईल की नाही, हे त्याने ठरवायचे.