दोन गुंठे गुळभेंडी

मंडळी, या खेपेला थोडी तक्रार सांगायची आहे. कुणाविरुद्ध, ते मात्र माझे मलाच नीट ठरवता आलेले नाही. तुम्ही वाचा आणि ठरवा.

आमच्या मालकांनी यंदा हस्ताच्या ओलीवर मालदांडी पेरली, तेव्हा विहिरीकडच्या कोपऱ्यात दोन गुंठे जागा वेगळी धरली आणि तिथे गुळभेंडी टाकली. मालदांडी घरच्या भाकरीला आणि जनावरांच्या कडब्याला, गुळभेंडी फक्त हुरड्याला. मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडच्या वाचकांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. हुरडा मालदांडीचाही होतो, पण त्याचा दाणा टरफलातून लवकर सुटत नाही. चोळून चोळून तळहात लाल होतात. गुळभेंडीचे गरम कणीस हातात घेऊन दोनदा चोळले की दाणे घळाघळा मोकळे होतात. गोड तर असे की वर गूळ लागत नाही.

हे सगळे कशासाठी? तर पुण्याहून मुलगा, सूनबाई आणि नात संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी येणार होती. नातीने दिवाळीतच बजावले होते, ‘आजोबा, हुरडा ठेवा हं!’ झाले. कणसात दाणा धरला तसा मालकांनी दिवसभर रानात मुक्काम ठोकला. वय ७६. खांदा दुखतो म्हणून गोफण फिरवता येत नाही, तर तेलाचा रिकामा डबा काठीने बडवत पाखरे हाकलत बसायचे. दुपारची भाकरी मी तिकडेच पोचवायची. मी एकदा म्हटले, ‘अहो, चार कणसं पाखरांनी खाल्ली तर काय बिघडलं?’ तर म्हणाले, ‘पाखरं पुण्यावरनं येत न्हाईत.’

आता हुरड्याचे कसे असते बघा. दाणा नखाने दाबला की पातळ दूध येते, तेव्हा तो कोवळा. भाजला तर हाताला नुसता चिकटतो. दाबल्यावर घट्ट, खव्यासारखा गर निघाला की नेमकी वेळ. त्यानंतर आठ-दहा दिवस फार तर. पुढे दाणा पिठूळ होतो, मग कडक, आणि मग ती नुसती ज्वारी. लग्नाची तारीख पुढे ढकलता येते, कोर्टाची तर ढकललीच जाते. हुरड्याला पुढची तारीख नसते.

गुरुवारी रात्री फोन आला. मुलाला शनिवारची सुट्टी मिळत नव्हती, नातीचा क्लास होता. ‘आई, पुढच्या महिन्यात नक्की.’ मी म्हटले, ‘बरं बरं, काही नाही, सावकाश या.’ आईच्या तोंडात हे वाक्य कायम तयार असते, तुम्हालाही ठाऊक असेल. फोन ठेवला आणि मालकांकडे बघितले. त्यांनी काही विचारले नाही. पायांवर गोधडी ओढली आणि भिंतीकडे तोंड केले.

शनिवारी दुपारी मात्र रानातून हाक आली, ‘ए, चटणी घेऊन ये!’

जाऊन बघते तर आगटी पेटलेली. खड्ड्यात गवऱ्यांचा लालभडक आर झालेला, कडेला कणसांची पेंढी आणि बसायला पोते अंथरलेले. मी जवसाची चटणी, दही आणि थोडी बोरे नेली होती. ते आरात कणसे खुपसायचे आणि मी चोळायची. एवढी कणसे आम्ही दोघे काय खाणार, हे मी बोलून दाखवले नाही. त्यातून यांना आता दात नाहीत. कवळी करून आणली आहे, पण ती कोनाड्यात सुखाने नांदते आहे. चार दाणे तोंडात घोळवत बसले आणि म्हणाले, ‘साधलाय बघ नेमका.’ मी तळहातावरचे टरफल फुंकून टाकले आणि दाणे त्यांच्यापुढे धरले. दोघेही तिसऱ्या पोत्याकडे बघत नव्हतो. ते त्यांनी तरीही अंथरले होते.

संध्याकाळी उरलेला हुरडा घरी आणला. त्यातला वाटीभर पाट्यावर जाडसर वाटला. हिरवी मिरची, लसूण, जिरे, मीठ आणि बांधून यायला मूठभर हरभऱ्याचे पीठ घालून थालीपीठ लावले. झाकण ठेवून मंद आचेवर होऊ दिले की मऊ राहते. दात नसलेल्या माणसाला ताकात बुडवून खाता येते. तुमच्या घरी कुणी म्हातारे असेल तर करून बघा. यांनी दोन खाल्ली आणि जेवता जेवता म्हणाले, ‘सुकडी आठवली का गं?’

आता हे म्हणजे अगदीच काहीतरी! पंगतीतले श्रीखंड आठवावे, पुरणाची पोळी आठवावी. सुकडी कुणाला आठवते?

ज्यांना सुकडी ठाऊक नाही त्यांनी आपल्या आजीला विचारावे. १९७१ साली माझे लग्न झाले आणि १९७२ साली पावसाने पाठ फिरवली. आधीची दोन सालेही धड नव्हती. अंगाची हळद उतरते न उतरते तो हातात घमेले आले. आधी पाझर तलावाचे काम, मग रस्त्याची खडी. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. आताच्या पोरांना मिलो म्हटले की डब्यातली पावडर वाटते. आमच्या मिलोची भाकरी परातीतून तव्यापर्यंत अखंड पोचली तर तो दिवस चांगला म्हणायचा. आमच्या गावच्या विहिरींना त्या साली तळाला का होईना पाणी होते, पोटाला नव्हते. पुढे २०१२-१३ ला उलटे झाले, दुकानात धान्य होते आणि प्यायला टँकर. माणसाला दोन्ही एकदम कमी पडले तर काय होईल, हा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला.

तर कामावर मजुरांना सुकडी वाटायचे. तपकिरी, भाजकट वासाची, गोड. बायका पदरात घ्यायच्या, गडी धोतराच्या सोग्यात. मी १८ वर्षांची, दिवस गेलेले, आणि सदा भूक. पण घरात मागणार कुणाकडे? नवरा पलीकडच्या टोळीत खडी फोडायचा. चारचौघांत त्याच्याकडे बघायचीसुद्धा सोय नव्हती, बोलणे लांबच. रोज रात्री चुलीजवळच्या कोनाड्यात, चिमणीच्या मागे, फडक्यात बांधलेली मूठभर सुकडी मला सापडायची. मला वाटायचे आत्याबाई ठेवतात. (सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात.) तोंडाने सदा कडक, पण पोटात माया, असा मी समज करून घेतला आणि त्या समजावर पुढची वीस वर्षे त्यांची बोलणी ऐकून घेतली.

आत्याबाई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या तेव्हा एके दिवशी मी त्यांचे पाय चेपत होते आणि सुकडीचा विषय काढला. म्हटले, तुम्ही त्या वेळी मला जगवलंत. त्या बराच वेळ आढ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ती माझी नव्हं गं. त्यो ठेवायचा, तुझा नवरा. त्यातली निम्मी मी खायची.’

मला हसू आले आणि रडूही. त्यांनाही भूकच होती, दुसरे काय? त्यांनी तरी कुणाला सांगायची? रात्री यांना विचारले, ‘तुम्ही ठेवत होता, मग बोलला का नाही?’ आणि आत्याबाई निम्मी खायच्या तेही सांगितले. तर हे काय म्हणाले असतील? ‘निम्मीच? मला वाटलं सगळी खात असंल.’

म्हणजे आई सगळी खाते असे समजून हा माणूस रोज माझ्यासाठी सुकडी ठेवत होता! याला शहाणपण म्हणावे की वेडेपणा, ते मी अजून ठरवलेले नाही.

पण म्हणून मी यांच्यावर कधी रागावले नाही असे समजू नका. १९८४ चा उन्हाळा. विहिरीवर मोटार बसून पहिल्यांदाच उन्हाळी कांदा केला होता. खुरपण माझे, काढणी माझी, निवडणे माझे. कांदा ट्रकमध्ये भरताना यांनी विचारले, ‘तुला काय आणू?’ तेरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विचारले होते. मी जांभळे इरकली लुगडे सांगितले. शेवटच्या एस.टी.ने परत आले तेव्हा हातात लुगडे नव्हते, कागदाच्या पुड्यात गार झालेली भजी होती. कांद्याची! मी म्हटले, ‘कांदा विकून कांदाच विकत आणलात होय?’ मुलांनी भजी संपवली. मी एकही उचलले नाही आणि दोन दिवस बोलले नाही.

ती पट्टी कितीतरी वर्षांनी माझ्या हाताला लागली. घराघरांत कागद अडकवायची तार असते ना, तीत जुन्या बिलांच्या तळाशी होती. वजन, भाव, मग हमाली, तोलाई, आडत, गाडीभाडे एकाखाली एक. सगळ्यात खाली जो आकडा उरला होता त्यात एस.टी.चे तिकीट निघाले असते आणि वर एक पुडा भजी. म्हणजे हे सकाळपासून उपाशी होते. पट्टी मी होती तशी तारेत अडकवून ठेवली. विषय काढला नाही. काढून काय सांगायचे होते, की मी तेव्हा चुकले? तेव्हा मला लुगडे हवे होते हे काही खोटे नव्हते.

लुगडे पुढे आले, १९९१ साली. जांभळे सांगितले होते, हिरवे आणले. अंगाला लागेना म्हणून फार नेसले नाही. आता त्याची गोधडी झाली आहे, आणि गुरुवारी रात्री यांनी पायांवर ओढली ती तीच.

बरे, तक्रार राहिलीच. सोमवारी नातीने मोबाईलवर फोटो पाठवला. पुण्याजवळ कुठेतरी तिकीट लावून हुरडा खायला घालतात, तिथला. मुलाच्या कंपनीने रविवारी सगळ्यांना घरच्या माणसांसह नेले होते. मोठे साहेब बरोबर असताना नाही कसे म्हणणार? हे मला समजते. समजते, तरी माझ्या पोटात कालवले. दोन गुंठे गुळभेंडी इथे उभी, आणि माझी नात पैसे देऊन परक्याच्या आगटीपुढे बसलेली. मी फोटो लपवणार होते, पण यांनी चष्मा मागितला. मोबाईल जवळ धरला, लांब धरला, बराच वेळ निरखला. मग म्हणाले, ‘कणीस जून झालंय. आन् गवऱ्या दिसत न्हाईत, लाकडावर भाजलंय. धूर लागला असंल पोरीला.’

एवढेच. त्यांना राग आला नाही, पोरीला हुरडा वाईट मिळाला याचे दुःख झाले.

मंगळवारपासून आम्ही एक काम काढले. वेळेवर आलेली सगळी कणसे भाजली, चोळली, पाखडली, आणि हुरडा पांढऱ्या धोतरावर उन्हात घातला. तीन दिवस कडक ऊन दिले की दाणा हातात खुळखुळतो. मग डब्यात भरून ठेवायचा. रात्री भिजत घातला की सकाळी उसळ होते, भरडून थालीपीठही होते. ताज्याची चव येत नाही. थोडीफार आठवण येते. गावातला एक मुलगा पुण्याला निघाला होता, त्याच्याबरोबर डबा पाठवला. झाकणावर मी चिठ्ठी चिकटवली, कसा भिजवायचा, किती शिजवायचा. खाली यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली, ‘धुऊन घेणे, माती असेल.’

परवा नातीचा फोन होता. उसळ तिला आवडली म्हणाली. सूनबाई म्हणाली की अर्धा डबा तिने लपवून ठेवला आहे, नाहीतर एका दिवसात संपेल. हे ऐकून मला आत्याबाईच आठवल्या.

बियाण्यासाठी मालकांनी दहा-बारा चांगली कणसे राखून आढ्याला टांगली आहेत. मी विचारले, पुढच्या साली किती टाकणार? म्हणाले, ‘तीन गुंठं.’

एक अडचण मात्र आहे. शेजारीच मालदांडी असल्यामुळे आमची गुळभेंडी दरसाल थोडी थोडी मिसळत चालली आहे. यंदा काही कणसांचे दाणे चोळताना अडत होते. वाचकांपैकी कुणी खरी जुनी गुळभेंडी निवडून वेगळी राखली असेल तर अवश्य कळवावे. मूठभर पुरे. बदल्यात मालदांडी देऊ, किंवा तुम्ही पौषात या. एक पोते अंथरलेले असतेच.