खाली वळलेला अंगठा

नोव्हेंबर २०२१मध्ये यूट्यूबने खाली वळलेल्या अंगठ्याचा आकडा झाकला. बटण राहिले, ते दाबताही येते, व्हिडिओ टाकणाऱ्याला आकडा दिसतोही. दिसत नाही तो फक्त प्रेक्षकाला. झुंडी ठरवून ‘डिसलाइक’ मारतात आणि त्यात लहानसहान चॅनेलवाले भरडले जातात, हे कंपनीने दिलेले कारण. ते खोटे नव्हते. तरीही निर्णय चुकला, असे माझे मत आहे. गळक्या नळाच्या दुरुस्तीचा व्हिडिओ उघडताना तो आकडा क्षणात सांगायचा की सांगितलेली युक्ती चालत नाही. त्यात कुणाची आई-बहीण काढलेली नसायची, कुणाची जात निघालेली नसायची. ‘पटले नाही’ एवढेच म्हणण्याची ही सर्वांत सभ्य सोय होती. ती गेल्यावर नाराज माणसाला चारचौघांत दिसेल असे बोलायला उरली ती कमेंटची जागा, आणि तिथे गाडी व्हिडिओवरून माणसावर यायला वेळ लागत नाही.

फेसबुकने तर पोस्टसाठी नापसंतीचे बटण कधी दिलेच नाही. २०१६मध्ये लाल चेहऱ्याची रागीट इमोजी दिली आणि पुढच्या वर्षी एका रागाला पाच ‘लाइक’चे वजन दिले. ही गोष्ट २०२१मध्ये फुटलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून बाहेर आली. म्हणजे एखादी पोस्ट पाहून तुम्ही संतापलात, की ती तुमच्यासारख्या आणखी हजारोंपुढे नेऊन ठेवली जाणार! नापसंतीचे काम एखाद्या गोष्टीला मागे सारण्याचे. इथे तिनेच ती गोष्ट पुढे ढकलली. २०२०मध्ये कंपनीने हे वजन शून्यावर आणले. तेव्हा चुकीची माहिती आणि विचलित करणारा मजकूर कमी झाला, लोकांचा वावर मात्र घटला नाही, असे त्याच कागदपत्रांत नोंदले आहे.

नापसंतीचा आकडा दाखवण्याविरुद्ध ‘सडक २’चे उदाहरण कुणीही देईल, आणि ते जड आहे. ऑगस्ट २०२०मध्ये या चित्रपटाच्या यूट्यूबवरील ट्रेलरवर एक कोटीहून अधिक ‘डिसलाइक’ पडले. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर चित्रपटसृष्टीवर उसळलेला तो राग होता. ट्रेलर बरा की वाईट, हा प्रश्न त्यात जवळपास नव्हताच. पण आकडा झाकल्याने असा राग विरतो का? तो हॅशटॅगमध्ये जातो, बहिष्काराच्या हाकेत जातो, कलाकारांच्या खात्यांवर जाऊन शिव्या देतो. शिवाय आकडा एक कोटी असला, तरी ही मोहीम आहे हे पाहणाऱ्याला त्या आकड्यावरूनच कळत होते. झाकलेल्या आकड्यातून मोहीमही कळत नाही आणि प्रामाणिक नाराजीही.

दुसरा आक्षेप असा, की पटले नाही तर पुढे सरकावे, सांगायचे कशाला? पण आपले मौन इतर प्रेक्षकांना दिसत नाही. आणि साध्या बटणाची किंमत आपल्याकडे मोजली गेली आहे: २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका तरुणीने पोस्ट लिहिली, दुसरीने ती ‘लाइक’ केली, आणि पालघरमध्ये दोघींना अटक झाली. पसंतीचा अंगठाही जिथे इतका महाग पडू शकतो, तिथे नाव न दिसता नापसंती नोंदवण्याची सोय चैनीची म्हणता येणार नाही. झुंडीची भीती असेल, तर व्हिडिओ पुरता पाहिलेल्यांचेच मत मोजा आणि तो आकडा दाखवा. कोण किती सेकंद थांबले याचा हिशेब या कंपन्या जाहिरातदारांसाठी ठेवतातच.