तुसाची राख, फुलदाणीची झिलई

कावेरीच्या खोऱ्यातलं तंजावर जिल्ह्यातलं पापनाशम म्हणजे भाताचा प्रदेश. भात भरडला की मागे तुसाचा ढीग उरतो. तो जळणात जातो आणि राहते ती राख. या राखेचं काय करायचं? एका जपानी कुंभाराने ती फुलदाण्यांवर चढवली!

शोजी हामादा (१८९४–१९७८) माशिको गावात राहून काम करत. आसपासची माती, दगडाची पूड, लाकडाची राख, तुसाची राख एवढंच त्यांचं सामान. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, आणि काचही सिलिकाचीच बनते. ही राख, लाकडाची राख आणि दगडाची पूड पाण्यात कालवून भांड्यावर ओतायची. भट्टीत साधारण १२५० ते १३०० अंशांना ती वितळते आणि भांड्यावर दुधाळ पांढरी काच चढते. हीच झिलई.

आपला माठ यापेक्षा बऱ्याच कमी आचेवर भाजतात आणि त्याला झिलई नसते. म्हणून तो पाझरतो आणि पाणी गार ठेवतो. लोणच्याची चिनी मातीची बरणी मात्र झिलईची. मीठ आणि आंबट रस तिच्यात मुरत नाहीत, म्हणून लोणचं वर्षभर टिकतं.

हामादांच्या भांड्यांवर उसाच्या पानांची नक्षी वारंवार दिसते. चार-दोन फटकाऱ्यांत ऊस उभा! मोठ्या थाळीवर ओगराळ्याने झिलई ओतायला त्यांना जेमतेम पंधरा सेकंद लागत. एका पाहुण्याला हे फारच थोडं वाटलं. त्यावर हामादांचं म्हणणं असं, की त्या पंधरा सेकंदांत आधीची साठ वर्षंही धरा. १९५५ मध्ये जपानने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. तरी बहुतेक भांड्यांवर ते सही करत नसत. भांडंच ओळख सांगेल, हा विश्वास.

जपानी मातीकामाचा हा धागा तमिळ किनाऱ्यालाही पोचला आहे. जपानमध्ये हे काम शिकलेल्या डेबोरा स्मिथ आणि त्यांचे साथीदार रे मीकर यांनी १९७१ मध्ये पुदुच्चेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. आज नावारूपाला आलेले अनेक भारतीय कलाकार तिथे घडले.

फुलदाणी घेताना ती उलटी करून बघा. बुडाची कड बहुधा कोरी असते, कारण तिथे झिलई असती तर भांडं भट्टीच्या फळीलाच चिकटलं असतं. झिलईचा ओघळ कुठे थांबला, बोटांचे वळसे कुठे उमटले, तेही पाहा. मुलांनाही दाखवा. आणि शोभेच्या भांड्यात खायचे पदार्थ ठेवू नका, काही झिलयांत शिसं असतं.

घासाघीस करताना एवढंच लक्षात असू द्या: कुंभार चाकावर पाच मिनिटांत भांडं उतरवतो, पण ती पाच मिनिटं कमवायला त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं असतं.