बाजारात तुरी आणि मिलिमीटर लहरी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला लहरींशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण प्रकल्पासाठी मी मिलिमीटर लहरींची बाजारपेठ हाच विषय निवडला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात या लहरींचे प्रयोग दाखविले. आपल्या हैदराबादेत १९६१ साली संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स संशोधन प्रयोगशाळा, १९६७ साली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन आणि १९९१ साली अ‍ॅस्ट्रा मायक्रोवेव्ह निघाली. विद्या आहे, कारागीर आहेत. प्रश्न एवढाच, की माल घेणार कोण?

यावर विकत मिळणारे अहवाल हजारो डॉलर किमतीचे असतात. त्यांत 'दरसाल इतके टक्के वाढ' असे ठोकून दिलेले असते. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातलाच हा प्रकार.

मराठी शाळेत आम्हाला शिकविले, की नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. ऐपत आणि पैसा मोजण्याची तयारीही हवी. ही कसोटी येथे लावून पाहा. २०२२ च्या लिलावात देशभरासाठी २६ गिगाहर्ट्झ पट्ट्याची राखीव किंमत दर मेगाहर्ट्झला सुमारे ७ कोटी रुपये होती. ३३०० मेगाहर्ट्झ पट्ट्याची ३१७ कोटी. हा फरक का? वरच्या पट्ट्यात जागा भरपूर. पण या लहरी भिंतीला अडतात, दूर जात नाहीत, म्हणून केंद्रे जवळजवळ उभारावी लागतात. पट्टा स्वस्त, उभारणी महाग! म्हणून पट्टा विकला गेला म्हणजे यंत्रांना गिऱ्हाईक मिळाले, असे होत नाही.

संरक्षणाची गोष्ट आणखी वेगळी. तेथे मुख्य ग्राहक एकच, सरकार. अशा धंद्यात टक्केवारीपेक्षा निविदा कधी निघते, चाचण्यांना किती काळ लागतो आणि तोवर लहान कारखानदार पगार कोठून देतो, हे विचारणे अधिक महत्त्वाचे. फुगवलेल्या आकड्यांवर कर्ज काढणारा बुडतो, तेव्हा अहवाल लिहिणाऱ्याचे काही जात नाही. कामगारांची मात्र नोकरी जाते.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की प्रकल्प तपासताना उसन्या टक्केवारीला गुण देऊ नयेत. विद्यार्थी किती कारखान्यांची पायरी चढला, ते विचारावे. आणि मित्रहो, मराठी असो वा कन्नड, औद्योगिक वसाहतीत जाऊन आपल्या भाषेत चार प्रश्न विचारायला डॉलर लागत नाहीत.