सामान्य वाचकाचे मत

पुस्तक वाचून संपले म्हणजे वाचनाचे अर्धेच काम संपते. उरलेले अर्धे काम पुस्तक मिटल्यावर सुरू होते. वाचलेल्यापैकी मनात काय राहिले, काय रुचले, काय खटकले आणि ते कशामुळे, याचा विचार करून वाचक आपले मत बनवतो, तेव्हाच ते पुस्तक खऱ्या अर्थाने त्याचे होते. परंतु हे दुसरे काम बहुधा कोणी करीत नाही. नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी विचारले, तर ‘छान आहे’ किंवा ‘काही विशेष नाही’ एवढ्यावर उत्तर आटोपते. पानावरून उठता उठता ‘जेवण छान झाले होते’ असे म्हणावे, तसेच हे उत्तर असते. त्यात शिष्टाचार असतो, मत नसते.

याचे कारण केवळ आळस नव्हे. सामान्य वाचकाच्या मनात एक संकोच दडलेला असतो. ग्रंथांविषयी बोलण्याचा अधिकार पंडितांचा व टीकाकारांचा. आपण चार घटका करमणूक व्हावी म्हणून वाचणारे. आपल्या मताला किंमत ती काय, असे त्याला वाटते. हा विनय दिसावयास चांगला असला, तरी तो वस्तुस्थितीला धरून नाही. टीकाकाराला साहित्याचा इतिहास ठाऊक असतो, एका ग्रंथाची दुसऱ्याशी तुलना त्याला करता येते, हे खरे. आणि म्हणूनच त्याचे म्हणणे आदराने ऐकावे. परंतु ग्रंथ काही केवळ टीकाकारांसाठी लिहिले जात नाहीत. रत्नागिरीस 1828 मध्ये, पुण्यास 1848 मध्ये आणि ठाण्यास 1893 मध्ये ग्रंथालये स्थापन झाली, ती काही मूठभर पंडितांची सोय पाहून नव्हे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयांसाठी पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याच्या जोगते पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक लाभावा, असा त्यांतील दोन सूत्रांचा आशय आहे. पुस्तकाला वाचक लाभला, परंतु त्या वाचकाला स्वतःचे मतच नसले, तर ती भेट अपुरी राहिली असेच म्हणावे लागेल.

मत बनवणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजण्यासाठी एका सामान्य वाचकाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तालुक्याच्या गावी टपाल कचेरीत काम करणारा हा गृहस्थ आहे. त्याने साहित्याचा अभ्यास केलेला नाही. कचेरी सुटल्यावर तो नगर वाचनालयात जातो, कपाटातून हाताला लागेल ते पुस्तक घरी नेतो आणि वाचून झाल्यावर एका वहीत त्याविषयी चार ओळी लिहून ठेवतो. एका पावसाळ्यात त्याने चार पुस्तके वाचली. या चारही पुस्तकांचा जाणकारांनी पूर्वीच गौरव केलेला आहे. पण आपल्या वाचकाला त्या गौरवाची फारशी माहिती नाही. आणि एका अर्थाने ते बरेच आहे.

पहिले पुस्तक व्यंकटेश माडगूळकर यांची 1955 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी. माणदेशातील धनगरांच्या एका लहानशा वस्तीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, गावाला हाताशी धरून तालीम उभारतो. आणि शेवटी दुष्काळ पडून वस्ती उजाड होते. वाचकाने वहीत लिहिले, ‘लेखक कोठेही हळहळत नाही, म्हणून वाचणारा हळहळतो. मात्र तालीम उभी राहते न राहते तोच गाव मोडते, हे फार लवकर झाले. अजून काही पाने हवी होती.’ काही दिवसांनी ते शेवटचे प्रकरण त्याने पुन्हा वाचले आणि त्याच पानावर खाली लिहिले, ‘दुष्काळ माणसांना सावरण्याइतका वेळ देतच नाही. कदाचित लेखकाला हेच दाखवायचे असेल.’ येथे पहिले मत त्याने खोडून टाकले नाही. दोन्ही मते त्याने एकाखाली एक राहू दिली. मत बदलणे म्हणजे मत नसणे नव्हे. उलट, ज्याला मत असते, त्याचेच मत बदलू शकते.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्या संसाराची वाताहत झाली. पुढे 1900 मध्ये लक्ष्मीबाईही त्याच धर्मात गेल्या. एवढे दुःख सोसलेल्या स्त्रीचे पुस्तक डोळ्यांत पाणी आणील, अशा अपेक्षेने वाचकाने ते उघडले. आणि वडिलांच्या अतोनात सोवळ्याच्या हकीकती वाचताना तो मोठ्याने हसला. त्याने लिहिले, ‘या बाई स्वतःची फजिती सांगताना जराही संकोचत नाहीत. स्वतःला हसणाऱ्या माणसाचे दुःख खरे वाटते. पुस्तक वाचतो आहोत असे वाटतच नाही. ओटीवर बसून आजीचे बोलणे ऐकावे तसे वाटते.’ लेखिकेची शैली अकृत्रिम आहे, असे टीकाकार म्हणतात. वाचकाने तीच गोष्ट सांगितली आहे. पण ओटी आणि आजी हे त्याच्या स्वतःच्या घरातले शब्द आहेत.

तिसऱ्या पुस्तकाने मात्र त्याला अडचणीत टाकले. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ हे 1956 मधील पुस्तक. त्यात चैत्रापासून आरंभ करून बारा महिन्यांतील निसर्गाची रूपे वर्णिली आहेत. त्याची भाषा सुंदर आहे, हे त्याला जाणवले. परंतु एका बैठकीत तीस-चाळीस पाने वाचावी, तर झाडे, फुले आणि रंग यांची मनात गर्दी होई. त्याने प्रांजळपणे लिहिले, ‘हे पुस्तक सलग वाचता आले नाही.’ येथेच थांबून तो पुस्तकाला कंटाळवाणे म्हणू शकला असता. परंतु त्याने पुढे लिहिले, ‘दोष पुस्तकाचा की वाचण्याच्या रीतीचा, हे पाहिले पाहिजे. श्रावणाचे प्रकरण श्रावणात आणि भाद्रपदाचे भाद्रपदात वाचून पाहावे.’ त्याप्रमाणे त्याने केले. श्रावणाची पाने वाचून तो खिडकीशी गेला, तेव्हा अंगणाच्या कडेला रोज दिसणारे गवत त्याला प्रथमच नीट दिसले. न आवडलेल्या पुस्तकाशी कसे वागावे, याचा हा एक चांगला धडा आहे.

चौथे पुस्तक इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’. महाभारतातील व्यक्तींविषयीचे हे लेख 1967 मध्ये पुस्तकरूपाने आले आणि पुढच्याच वर्षी त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वाचकाचे भीष्म लहानपणी देवळातल्या कीर्तनात भेटलेले. त्यागाची आणि प्रतिज्ञेची मूर्ती असलेले. या ग्रंथात मात्र भीष्मांच्या त्यागाचे परिणाम कोणाकोणाला भोगावे लागले, असा प्रश्न निर्भयपणे विचारलेला आहे. वाचकाला ते झोंबले. त्याने लिहिले, ‘पटले नाही. पण उत्तरही सुचले नाही.’ या सहा शब्दांत मोठा प्रामाणिकपणा आहे. पुस्तकाला पुरस्कार मिळाला म्हणून त्याने मान डोलावली नाही; आणि आपल्याला पटले नाही म्हणून पुस्तकाला वाईटही म्हटले नाही. पुरस्कार ग्रंथाचा सन्मान करतो. तो वाचकाचे मत ठरवून देत नाही.

या चार नोंदींकडे पाहिले असता चांगल्या मताची लक्षणे ध्यानात येतात. पहिले लक्षण हे, की ते मत स्वतःचे असावे. दुसरे, त्याला कारण असावे. ‘आवडले’ हा शब्द केवळ दार उघडतो. ‘कारण’ या शब्दाने आत प्रवेश होतो. तिसरे, स्वतःची आवड आणि पुस्तकाची योग्यता या दोन गोष्टींत वाचकाने फरक करावा. एखाद्याला कारले आवडत नाही, एवढ्यावरून कारले हे वाईट फळ ठरत नाही. ‘मला रुचले नाही’ हे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; परंतु ‘पुस्तक वाईट आहे’ असे म्हणावयाचे झाल्यास पुरावा द्यावा लागतो. आणि चौथे लक्षण असे, की त्या मतात बदलास जागा असावी. दहाव्या वर्षी वाचलेले पुस्तक तिसाव्या वर्षी तेच राहते. वाचक मात्र तोच राहत नाही.

या मार्गात एक धोका आहे. तो म्हणजे उसन्या मताचा. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय मनुष्याला लवकर लागते. परीक्षेसाठी मार्गदर्शक पुस्तकातील उतारा पाठ करावा, समारंभात ऐकलेले वाक्य आपले म्हणून सांगावे, ज्या पुस्तकाची चहूकडे वाहवा होते त्याची आपणही करावी, हे नित्य घडते. आता तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर प्रत्येक पुस्तकापुढे तारे मांडलेले असतात. कोणाला चार, कोणाला साडेचार. किती जणांनी ते दिले, हे तेथे कळते. का दिले, हे पुष्कळदा कळत नाही. पुस्तक निवडताना अशा खुणांचा थोडा उपयोग होत असेल, नाही असे नाही. परंतु वाचून झाल्यावर जो त्या ताऱ्यांकडे पाहून आपल्याला काय वाटले ते ठरवतो, त्याने वाचण्याचे श्रम व्यर्थच घेतले.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की सामान्य वाचकाची अभिरुची कच्ची असते. त्याने मते देऊ लागावे, तर हलक्या पुस्तकांचेच कौतुक होईल. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु अभिरुची पक्की व्हावी कशी? पाण्यात न उतरता कोणी पोहावयास शिकत नाही, तसेच मत न बनवता अभिरुची घडत नाही. ज्याने हलक्या पुस्तकाविषयीही ‘हे मला का आवडले?’ असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, त्याला दहाव्या पुस्तकापाशी त्याचा हलकेपणा आपोआप कळू लागतो. जो कोणत्याच पुस्तकाला प्रश्न विचारीत नाही, त्याने शंभर उत्तम ग्रंथ वाचले, तरी तो होता तेथेच राहतो.

शिवाय वाचकाच्या मतावर केवळ वाचकाचेच हित अवलंबून नसते. ग्रंथाचे भवितव्यही अवलंबून असते. जळगावच्या परिसरातील शेतकरी स्त्री बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत. ती त्यांच्या घरच्या माणसांनी वेळोवेळी उतरवून ठेवली. त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्र्यांनी ती गाणी प्रसिद्ध झालीच पाहिजेत असा आग्रह धरला आणि 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला. आज मराठी काव्याचा विचार त्याच्यावाचून करता येत नाही.

अत्रे स्वतः नामांकित साहित्यिक होते, हे खरे. परंतु ती वही हाती आली, तेव्हा तिच्याविषयी पाहून सांगावे असे कोणाचेही मत छापलेले नव्हते. प्रस्तावना नव्हती, पुरस्कार नव्हता, कवयित्रीचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. होते ते फक्त शब्द आणि ते वाचणारा माणूस. आणि त्यांच्याही आधी, ज्यांनी ही गाणी प्रथम कागदावर उतरवली, त्यांनी तर कोणत्याही टीकाकाराची संमती घेतलेली नव्हती. घरातल्या कामाच्या धबडग्यात कानांवर पडलेले हे शब्द जपून ठेवण्याजोगे आहेत, एवढेच त्यांना वाटले आणि त्या वाटण्यावर त्यांनी विश्वास ठेवला. त्यांनी ‘आपल्याला काय कळते?’ असे म्हणून हात आखडता घेतला असता, तर ती गाणी बहिणाबाईंबरोबरच संपली असती.

एवढा मोठा प्रसंग प्रत्येक वाचकाच्या वाट्याला येत नाही. परंतु वाचनालयाच्या कपाटात कित्येक वर्षे कोणी न उघडलेली पुस्तके असतात आणि त्यांतील एखादे पुस्तक कोणाच्या तरी हाती पडण्याची वाट पाहत असते. ते उघडून वाचणाऱ्याने आपल्याला जे खरोखर वाटले, ते कारणासह शेजाऱ्याला सांगितले, तर त्या पुस्तकाला दुसरा वाचक मिळतो. दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले, तर ते पुन्हा लोकांत वावरू लागते. पुस्तक छापणे मुद्रकाच्या हाती आहे. ते जिवंत ठेवणे मात्र सामान्य वाचकाच्या हाती आहे.